एका मतानं तगलेला कायदा : वायोमिंग प्रदेशाच्या विधिमंडळाची वाटचाल

१२ ऑक्टोबर १८६९ रोजी शायॅन गावात वायोमिंग प्रदेशाचं पहिलं विधिमंडळ भरलं, तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. वरिष्ठ सभागृह, म्हणजे कौन्सिल, एका भाड्याच्या जागेत बसलं आणि प्रतिनिधिगृह दुसऱ्या. गावच मुळी दोन वर्षांचं होतं. युनियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ पश्चिमेकडे सरकत होते, त्या वाटेवर जनरल ग्रेनव्हिल डॉजनं १८६७ च्या जुलैत शायॅनची जागा नक्की केली आणि नोव्हेंबरात तिथं पहिली गाडी पोचली. तंबू, दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे आणि जमिनीचे दलाल हे सगळं रुळांबरोबर आलं. रूळ पुढे गेल्यावर अशी बरीच गावं मागे ओस पडली. शायॅन टिकलं.

वॉशिंग्टनच्या काँग्रेसनं २५ जुलै १८६८ ला डकोटा, युटा आणि आयडाहो या तीन प्रदेशांतून तुकडे काढून वायोमिंग बनवलं. डकोटाची राजधानी यँक्टन इथून इतकी लांब होती की तिथल्या राज्यकर्त्यांनाही हा पश्चिमेचा भाग अंगाबाहेर गेला तर हवाच होता. नाव सुचवलं ओहायोच्या जेम्स अ‍ॅश्ली या खासदारानं. ते इथलं नव्हतंच. ते होतं पूर्वेकडच्या पेनसिल्वेनियातल्या एका खोऱ्याचं. जमिनीच्या खऱ्या मालकांना विचारण्याचा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. कायदा होण्याच्या तीनच आठवडे आधी, ३ जुलैला, फोर्ट ब्रिजरला शोशोनी लोकांशी करार होऊन त्यांना विंड रिव्हर खोऱ्यात राखीव जमीन दिली गेली होती. त्यातलाही दक्षिणेचा भाग, सोन्याच्या खाणींच्या लगतचा, १८७२ मध्ये त्यांच्याकडून परत घेण्यात आला.

प्रदेश म्हणजे राज्य नव्हे. गव्हर्नर, सचिव आणि न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे. लोकांनी निवडायचं ते विधिमंडळ आणि काँग्रेसमध्ये बसणारा, पण मत देऊ न शकणारा एक प्रतिनिधी. विधिमंडळानं केलेला कायदा काँग्रेस वाटेल तेव्हा रद्द करू शकत होती. म्हणजे अधिकार तोकडाच. तरी त्याच काळात मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात सगळे सभासद सरकारनं नेमलेले होते, हे लक्षात घेतलं तर शायॅनच्या त्या निवडून आलेल्या मंडळींचा रुबाब आपल्याला थोडा जास्त वाटेल.

अँड्र्यू जॉन्सननं नेमलेल्या अधिकाऱ्यांना सिनेटनं मान्यता दिली नाही, म्हणून कारभार सुरू व्हायला १८६९ चा वसंत उजाडला. नवे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ओहायोचा जॉन कॅम्पबेल गव्हर्नर म्हणून पाठवला. यादवी युद्धात तो लढला होता आणि वय होतं तिशीतलं. सचिव एडवर्ड ली कनेक्टिकटचा. तिथल्या विधिमंडळात असताना त्यानं स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव मांडून पाहिला होता आणि तो पडला होता. सरन्यायाधीश जॉन हॉवे, त्याचे सहकारी जोन्स आणि किंगमन, सरकारी वकील जोसेफ केरी, हे सारे रिपब्लिकन पक्षाचे. सप्टेंबरच्या पहिल्या निवडणुकीत मात्र कौन्सिलच्या ९ आणि प्रतिनिधिगृहाच्या १३ जागांवर निवडून आलेले एकजात डेमोक्रॅट होते. गव्हर्नर एका पक्षाचा आणि अख्खं विधिमंडळ दुसऱ्या, अशा अवस्थेत पुढचं सगळं घडलं.

त्या निवडणुकीत आणखी एक गोष्ट झाली. काँग्रेसनं १८६७ मध्येच कायदा करून प्रदेशांमध्ये वर्णावरून मताधिकार नाकारायला मनाई केली होती. साउथ पास सिटी या सोन्याच्या गावात काळ्या पुरुषांना मतदान करता यावं म्हणून सरकारी मार्शलला शस्त्रं घेऊन सोबत उभं राहावं लागलं. दक्षिणेकडून आलेल्या अनेक डेमोक्रॅटांना ते दृश्य झोंबलं. स्त्रियांना मताधिकार देण्याची जी घटना आपण अभिमानाची म्हणून वाचतो तिची एक मुळी या रागात आहे, हे अमेरिकन लेखकांनीही बरीच वर्षं दबक्या आवाजात सांगितलं.

कौन्सिलचा अध्यक्ष विल्यम ब्राइट साउथ पास सिटीचाच. व्हर्जिनियात वाढलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला, यादवी युद्धात मात्र उत्तरेच्या बाजूनं उभा राहिलेला आणि खाणगावात दारूचं दुकान चालवणारा हा गृहस्थ. काळ्या पुरुषांना मत देण्याच्या तो विरोधात होता. त्यांना मत आहे आणि माझ्या बायकोला नाही, हे कसं, असा त्याचा सवाल होता. बायको ज्युलिया त्याच्याहून बरीच लहान आणि स्त्रियांना मत हवं असं मानणारी. घरातलं बोलणं आणि बाहेरचा राग यांतलं कशाचं वजन जास्त होतं, हे तोलण्याचा काटा आता कुणाकडे नाही. मला तरी दोन्ही खरं वाटतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ब्राइटनं विधेयक मांडलं. त्यात सांगितलं होतं एवढंच, की या प्रदेशात राहणाऱ्या प्रौढ स्त्रीला प्रत्येक निवडणुकीत मत देता यावं आणि अधिकारपदही धारण करता यावं. अध्यक्षानंच विधेयक मांडल्यामुळे कौन्सिलात फारशी रस्सीखेच झाली नाही. ३० नोव्हेंबरला ६ विरुद्ध २ मतांनी ते संमत झालं.

खरी गंमत प्रतिनिधिगृहात. तिथं बेन शीक्स हा तरुण वकील विरोधाला उभा राहिला. तोही साउथ पास सिटीचा, म्हणजे ब्राइटच्याच गावचा. त्यानं दुरुस्त्यांचा सपाटा लावला. एकीत चर्चा ४ जुलैपर्यंत पुढे ढकलायची होती. तो राष्ट्रीय सण, त्या दिवशी सभागृह भरणारच नव्हतं. दुसरीत काळ्या आणि मूळ रहिवासी स्त्रियांचा उल्लेख इतक्या हीन शब्दांत घालायचा होता की विधेयक हास्यास्पद व्हावं. दोन्ही पडल्या. तिसरी मात्र मंजूर झाली. तिच्यामुळे मतदार स्त्रीचं वय १८ चं २१ झालं. ६ डिसेंबरला ७ विरुद्ध ४ मतांनी विधेयक पार पडलं, कौन्सिलनं वयाची दुरुस्ती मान्य केली आणि ते गव्हर्नरच्या टेबलावर गेलं.

मत देणारे प्रत्येक जण वेगळ्या कारणानं हात वर करत होते. काहींना वाटलं, रिपब्लिकन गव्हर्नर नकाराधिकार वापरेल आणि त्याच्या पक्षाच्या पुरोगामीपणाचं पितळ उघडं पडेल. काहींना प्रदेशाची फुकट जाहिरात हवी होती. १८६९ च्या शिरगणतीत इथं अवघे ८,०१४ लोक भरले आणि प्रौढांमध्ये एका बाईमागे सहा पुरुष असं प्रमाण होतं. पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांत नाव झळकलं तर बायका येतील, बायका आल्या की कुटुंबं येतील, अशी आशा. काहींना तो चेष्टेचा विषय वाटला. काहींची मात्र खरोखर निष्ठा होती. त्या शरदात अ‍ॅना डिकिन्सन आणि रेडेलिया बेट्स या वक्त्या शायॅनला येऊन गेल्या होत्या, त्यांना ऐकायला गर्दी झाली होती.

आणि गव्हर्नरनं नकाराधिकार वापरलाच नाही. १० डिसेंबर १८६९ ला, अधिवेशनाच्या अखेरीस, कॅम्पबेलनं सही केली.

याच अधिवेशनानं विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा हक्क दिला आणि शिक्षक-शिक्षिकांना सारखं वेतन ठरवलं. याच अधिवेशनानं गोऱ्यांचा काळ्या आणि आशियाई वंशाच्या लोकांशी विवाह बेकायदा ठरवला. त्या विधेयकावर कॅम्पबेलनं नकाराधिकार वापरला होता. सभासदांनी दोन-तृतीयांश मतांनी तो मोडून काढला. तो कायदा १८८२ मध्ये रद्द झाला, १९१३ मध्ये राज्यानं पुन्हा आणला आणि थेट १९६५ मध्ये गेला. ज्या बाकांवरून एक हात वर झाला त्याच बाकांवरून दुसराही झाला. मताधिकाराच्या कायद्यातही 'प्रत्येक स्त्री' म्हणजे खरोखर प्रत्येक नव्हती. मूळ रहिवाशांना आणि चिन्यांना नागरिकत्वच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या घरच्या बायकांचा प्रश्नच आला नाही.

पुढचं वर्ष वर्तमानपत्रांचं. फेब्रुवारी १८७० मध्ये साउथ पास सिटीत एस्थर मॉरिस यांची शांतता न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. उंच, दणकट, साठीच्या जवळ आलेल्या या बाईंनी आठ-साडेआठ महिने खाणकामगारांचे उधारीचे आणि मारामारीचे खटले ऐकले. मार्चमध्ये लॅरमी इथं हॉवे यांनी स्त्रियांना ज्युरीत बोलावलं. मांडीवर बाळ आणि हातात खटल्याचे कागद अशी व्यंगचित्रं पूर्वेत छापून आली. ६ सप्टेंबर १८७० ला लॅरमीतच लुइझा स्वेन या सत्तरीकडे झुकलेल्या आजी सकाळी यीस्ट आणायला छोटी बरणी घेऊन बाहेर पडल्या होत्या. जाता जाता त्यांनी मत दिलं. या कायद्याखाली मत देणाऱ्या त्या पहिल्या. स्त्रियांच्या प्रत्यक्ष मतदानात मात्र युटा पुढे होतं. तिथल्या विधिमंडळानं १२ फेब्रुवारीला तसाच कायदा केला आणि दोनच दिवसांनी सॉल्ट लेक सिटीत बायकांनी मतदान करूनही टाकलं. युटाचा तो हक्क पुढे १८८७ मध्ये काँग्रेसनंच काढून घेतला. प्रदेशाच्या कायद्याचं आयुष्य वॉशिंग्टनच्या हातात असतं ते असं.

मॉरिसबाईंच्या नावावर नंतर एक चहापान जमा झालं. १८६९ च्या निवडणुकीआधी त्यांनी उमेदवारांना घरी बोलावून मताधिकाराचं वचन घेतलं, अशी ती कथा. ती सांगितली गेली १९१९ मध्ये, घटनेच्या पन्नास वर्षांनी, त्या हयात नसताना. त्यांनी स्वतः तसा दावा कधी केल्याचं दिसत नाही. तरी वायोमिंगनं त्यांचा पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये उभा केला. ब्राइटचा नाही. दारूच्या दुकानदाराचा पुतळा कोण उभारणार?

त्या सप्टेंबरच्या निवडणुकीत काँग्रेसचा प्रतिनिधी म्हणून रिपब्लिकन न्यायाधीश जोन्स निवडून आले. आपणच मतदार केलेल्या बायकांनी आपल्याला पाडलं, असं डेमोक्रॅटांना वाटलं. आकडे काय सांगतात याची फिकीर त्यांनी केली नाही. राजकारणात पराभवाचं कारण नेहमी जवळचंच सापडतं.

दुसरं विधिमंडळ नोव्हेंबर १८७१ मध्ये भरलं. प्रतिनिधिगृहाचा सभापती आता बेन शीक्स होता. या खेपेला सभागृहं एकरंगी नव्हती. कौन्सिलच्या ९ जागांपैकी ४ रिपब्लिकनांकडे गेल्या होत्या. कायदा रद्द करण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहात ९ विरुद्ध ३ आणि कौन्सिलात ५ विरुद्ध ४ मतांनी संमत झालं. गव्हर्नर कॅम्पबेलकडे ते आलं तेव्हा त्याला पैशांचं आणि पदांना मान्यता मिळवून देण्याचं आमिष दाखवलं गेल्याचं न्यायाधीश किंगमन यांनी पुढे सांगितलं. कॅम्पबेलनं नकाराधिकार वापरला आणि लांबलचक निवेदन पाठवलं. त्यातलं म्हणणं असं, की बायकांनी हा हक्क समजुतीनं आणि शिस्तीनं वापरला आहे आणि तो काढून घेण्याजोगं काहीही घडलेलं नाही.

प्रतिनिधिगृहानं नकाराधिकार सहज मोडला. कौन्सिलात दोन-तृतीयांश म्हणजे ६ मतं हवी होती. मोजणी पुन्हा ५ विरुद्ध ४ झाली. एक मत कमी पडलं. डेमोक्रॅटांनी सर्वस्वी आपल्या मतांनी केलेला कायदा डेमोक्रॅटांनाच मोडता आला नाही आणि ज्यांचा त्या कायद्याशी जन्माच्या वेळी संबंधच नव्हता त्या चार रिपब्लिकनांनी तो वाचवला.

माझ्या दृष्टीनं या विधिमंडळाच्या इतिहासातला मोठा दिवस १० डिसेंबर १८६९ नाही. तो दिवस उत्साहाचा, चेष्टेचा आणि हिशेबाचा होता. मोठा दिवस दोन वर्षांनंतरचा, त्या चार जणांचा. त्यानंतर पुन्हा कुणी गंभीरपणे हात घातला नाही. ज्युरीतल्या जागेला मात्र असा रक्षक लाभला नाही. तो हक्क मताधिकाराच्या कायद्यात लिहिलेला नव्हता, न्यायाधीशांच्या समजुतीवर उभा होता. न्यायाधीश बदलले आणि १८७१ नंतर स्त्रिया ज्युरीतून गळाल्या. त्यांना परत यायला १९५० साल उजाडलं.

१८७० चं दशक विधिमंडळासाठी मरगळीचं. साउथ पासचं सोनं आटलं, गाव रिकामं झालं. ब्राइट केव्हाच निघून गेला होता. कॅम्पबेलनं १८७५ मध्ये पद सोडलं. दर दोन वर्षांनी सभासद जमत, रस्ते, कर आणि तालुक्यांसारख्या कौंट्यांच्या सीमा यांवर खल करत आणि परत जात. सांगण्यासारखं त्यात फार नाही.

मग गुरं आली. माळरानावर मोकळं चरणाऱ्या गुरांचा धंदा १८८० नंतर फोफावला आणि विधिमंडळात गुरांच्या मालकांची गर्दी झाली. १८८४ च्या अधिवेशनानं 'मॅव्हरिक कायदा' केला. डाग न दिलेली, बिनमालकाची वासरं वसंतात गुरं गोळा करताना सापडली की ती वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशनच्या ताब्यात जायची, त्यांचा लिलाव व्हायचा आणि पैसा असोसिएशनच्या तिजोरीत पडायचा. म्हणजे मोठ्या मालकांच्या खासगी संघटनेला सरकारी अधिकार मिळाला. छोट्या मालकांनी ओरड केली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात बर्फानं लाखो गुरं मारली, असोसिएशनचं बळ ओसरलं आणि १८८८ मध्ये विधिमंडळानं हा कारभार तिच्याकडून काढून सरकारी आयोगाकडे दिला. त्याआधी कुणी काही बोललं नव्हतं, असं नाही. ऐकून घ्यायला गुरं मरावी लागली.

१८८६ चं नववं अधिवेशन वाटणीचं. शायॅनला कॅपिटॉलसाठी १,५०,००० डॉलर, लॅरमीला विद्यापीठासाठी ५०,०००, इव्हान्स्टनला मनोरुग्णालय. प्रत्येक भागाच्या सभासदांना काही ना काही घेऊन घरी जायचं होतं. प्रदेशाला विद्यापीठाची गरज होती का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. प्रदेशात माध्यमिक शाळांची धड साखळीही नसताना विद्यापीठ म्हणजे पाया नसताना कळस, अशी टीका होती. तरी सप्टेंबर १८८७ मध्ये ते सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून तिथं मुलं-मुली एकत्र शिकली. कॅपिटॉलची कोनशिला त्याच वर्षी १८ मे रोजी बसली. पुढच्याच अधिवेशनात इमारत वाढवायचं ठरलं. गव्हर्नर थॉमस मूनलाइट काटकसरी होता, त्यानं नकाराधिकार वापरला, विधिमंडळानं तो मोडला. भाड्याच्या खोल्यांत सुरू झालेलं विधिमंडळ १८८८ मध्ये स्वतःच्या छताखाली बसलं.

राज्याचा दर्जा मिळवण्यासाठी सप्टेंबर १८८९ मध्ये घटना परिषद भरली. सगळे पुरुष, एकही स्त्री नाही. बहुतेक जण मताधिकार घटनेत घालायला तयार होते. कुणी तरी सुचवलं की हे कलम वेगळं काढून लोकांपुढे ठेवावं, म्हणजे ते पडलं तरी घटना वाचेल. २० विरुद्ध ८ मतांनी ही सूचना फेटाळली गेली. वीस वर्षं बायका मतदान करत होत्या. मुलगे मोठे होऊन आईबरोबर मतदानाला गेले होते. १८६९ मध्ये जे चमत्कारिक वाटलं ते आता काढणंच चमत्कारिक वाटत होतं. नोव्हेंबरात लोकांनी ६,२७२ विरुद्ध १,९२३ मतांनी घटना मान्य केली.

वॉशिंग्टनला मात्र तेव्हाही ते चमत्कारिकच वाटत होतं. काँग्रेसमध्ये वायोमिंगचा प्रतिनिधी होता जोसेफ केरी, वीस वर्षांपूर्वीचा तो सरकारी वकील. दक्षिणेकडच्या खासदारांनी बायकांच्या मतावरून त्याला धारेवर धरलं. आम्ही शंभर वर्षं बाहेर राहू, पण आमच्या बायकांशिवाय आत येणार नाही, अशी तार विधिमंडळानं पाठवल्याचं सांगतात. अशी तार खरोखर गेली याचा पुरावा लंगडा आहे. मतमोजणी खरी आहे. २६ मार्च १८९० ला प्रतिनिधिगृहात १३९ विरुद्ध १२७, जूनमध्ये सिनेटमध्ये २९ विरुद्ध १८. १० जुलैला राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी सही केली.

२३ जुलैला शायॅनमध्ये कॅपिटॉलसमोर समारंभ झाला. मुख्य भाषण थेरेसा जेंकिन्स यांचं. उघड्यावर आवाज पोचावा म्हणून त्यांनी माळावर सराव केला म्हणतात. नवरा बग्गी दूर दूर नेत राही आणि तिथून अजून मोठ्यानं म्हणून ओरडे. मग वृद्ध एस्थर मॉरिस यांनी ध्वज गव्हर्नर फ्रान्सिस वॉरन यांच्या हाती दिला. नोव्हेंबरात राज्याचं पहिलं विधिमंडळ बसलं आणि त्यानं वॉरन आणि केरी या दोघांना सिनेटवर पाठवलं.

त्या विधिमंडळात एकही बाई नव्हती. त्यानंतरच्या कित्येक विधिमंडळांतही नव्हती. १८६९ च्या कायद्यात मताबरोबर पदाचाही हक्क लिहिला होता, पण पक्षांनी बायकांना उमेदवारी द्यायची म्हटलं की कौंटीच्या शाळा अधीक्षकापलीकडे त्यांचा हात सहसा जात नसे. १८९४ मध्ये एस्टेल रील राज्याच्या शिक्षण प्रमुख म्हणून निवडून आल्या. विधिमंडळाची दारं त्यांच्यानंतरही बंदच राहिली. लॅरमीच्या मेरी बेलामी १९१० मध्ये निवडून आल्या आणि १९११ च्या जानेवारीत शायॅनच्या सभागृहात बसल्या. ब्राइटचं विधेयक संमत होऊन तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली होती.